मुलीला शिबिराला पाठवताय? आधी विचारा, संडास किती पावलांवर आहे

खांब (ता. रोहा) : भातकापणी झाली, झोडणी उरकली, थंडी पडायला लागली की खांब, कोलाड, सुतारवाडी या पट्ट्यात शिबिरांचे दिवस सुरू होतात. कुठे शाळेच्या गाईड पथकाचा दोन-तीन रात्रींचा मुक्काम, कुठे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, तर कुठे कुंडलिकेच्या काठी तंबू ठोकून साहसी कॅम्प. मुंबई-पुण्याच्या मुली येतात, तशा आपल्या गावातल्या आणि वाड्यांवरच्याही जातात.

शाळेतून संमतीपत्र घरी येतं. त्यावर सही करताना बापाला काळजी असते साप-विंचवाची आणि नदीची. आईची काळजी वेगळी. ती मॅडमना बाजूला घेऊन हळूच विचारते, "मॅडम, तिकडे मुलींची सोय कशी आहे हो?" उत्तर गुळमुळीत आलं आणि त्यात पाळीची तारीख जवळ असली, की विषय तिथेच संपतो. "राहू दे आता, पुढच्या वर्षी जा."

आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तो फक्त हळूच विचारायचा नाही, पालकसभेत सगळ्यांसमोर विचारायचा. रानातल्या मुक्कामात मुलगी आजारी पडते ती बहुतेक वेळा धुळीने किंवा एक दिवस आंघोळ चुकल्याने नाही. ती आजारी पडते आडोसा नसल्यामुळे.

पाणी न पिणारी मुलगी

संडास लांब आहे, वाटेत अंधार आहे, दाराला कडी नाही, असं कळलं की मुलगी काय करते? कोणाला काही बोलत नाही. ती पाणी प्यायचं कमी करते. सकाळी चहा नको म्हणते, डोंगर चढताना बाटली नुसती तोंडाला लावते आणि लघवी दाबून धरते. दिवसभर ऊन आणि चाल असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. हे सांगायलाही लाज वाटते, म्हणून आणखी एक दिवस जातो.

मुलींना हा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो याचं कारण शरीराच्या ठेवणीत आहे. मुलींचा मूत्रमार्ग फार आखूड असतो, त्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. भरपूर पाणी प्यायलं आणि वेळेवर लघवी झाली की ते धुऊन जातात. दाबून धरलं की त्यांना आयता मुक्काम मिळतो. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलटी ही लक्षणं दिसली तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शक्यता असते. तेव्हा लिंबूपाणी पाजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

घरी आणि शिबिरात दोन्हीकडे उपयोगी पडणारी खूण सोपी आहे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळी झाली तर आत्ताच दोन ग्लास प्यायचं. धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. हे एक वाक्य आईने मुलीला लहानपणीच सांगितलेलं बरं, पण अजूनही सांगितलं नसेल तर शिबिराच्या आदल्या दिवशी नक्की सांगावं.

किती मुलींना किती संडास?

भूकंप-पुरानंतरच्या छावण्यांसाठी जगभर एक हिशेब वापरतात : २० माणसांमागे एक संडास, आणि तो राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. पुरात घर गेलेल्या माणसांना जेवढं द्यावं असं ठरलंय, तेवढं तरी हौसेने भरवलेल्या शिबिरात मिळायला हवं. साठ मुलींच्या शिबिरात तीन संडास नसतील तर सकाळी रांग लागणार. रांग लागली की लाजाळू मुलगी मागे राहणार, आणि "दुपारी जाईन" म्हणत दिवस काढणार.

काही पालक म्हणतात, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली आलं, तेव्हापासून गावात संडास बांधा, संडास वापरा हेच ऐकतोय, घरोघरी बांधलेही, आणि आता पोरींना परत झाडाआड पाठवायचं? बोलणं रास्त आहे. गावची शाळा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालय जवळ असेल तर तिथले पक्के संडास वापरायला मिळतात का, हे आयोजकांनी आधी पाहावं. मिळत नसतील तर खड्ड्याचा संडास करता येतो. तो नीट केला तर घाण होत नाही.

आपली आमराई किंवा माळ शिबिराला देणाऱ्या शेतकऱ्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं, कारण मुलं चार दिवसांनी जातात, विहीर तुमची असते. खड्डा विहीर, बोअर आणि ओढ्यापासून किमान २०० फूट दूर हवा, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला नाही, उताराच्या बाजूला. खणलेली माती शेजारीच ढीग करून ठेवायची, त्यात खुरपं किंवा डबा ठेवायचा. प्रत्येकीने उठल्यावर माती किंवा चुलीतली राख टाकायची. ती टाकली की वास मरतो आणि माशी बसत नाही. शिबिरातली हगवण बहुतेकदा याच वाटेने येते : उघड्या घाणीवरची माशी थेट पोह्यांच्या परातीवर. शेवटच्या दिवशी खड्डा बुजवून वर दगड ठेवायचे.

आडोसा कसला करायचा हे खरं तर कोकणात शिकवायला नको. नारळाच्या झावळ्या, कारवीचा कूड, बारदान, ताडपत्री, जे हाताशी असेल ते. उंची मात्र उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवी. दाराला दोरीवर एक रंगीत फडकं अडकवायचं : फडकं बाहेर असेल तर आत कोणीतरी आहे. आणखी एक गोष्ट बऱ्याच आयोजकांच्या लक्षात येत नाही. रात्री कापडाच्या आडोशाच्या आत बॅटरी ठेवली की बाहेरच्याला आतल्या मुलीची सावली स्पष्ट दिसते. म्हणून दिवा वाटेवर, दारासमोर लावायचा. आत न्यायची बॅटरी जमिनीकडे तोंड करून ठेवायची.

रात्री जोडीनेच जायचं, पायात बूट घालून, आणि बूट घालण्याआधी झटकून. आपल्या जिल्ह्यात विंचवाचं वेगळं सांगायला नको. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन गोळीचा उपचार जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते काम आपल्या महाडमध्येच केलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण उपचार आहे म्हणून कोणी अनवाणी हिंडू नये.

हात धुण्यासाठी नळ नसला तरी चालतं. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्याला वरच्या बाजूला बारीक भोक पाडा आणि दोन खुंट्यांमधल्या आडव्या काठीवर टांगा. कॅनच्या तोंडाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या काटकीला जोडा. काटकी पायाने दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. तांब्याला घाण हात लागत नाही आणि पाणी फार थोडं जातं. ही युक्ती आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत निघाली आणि गाव-शाळांमधून जगभर पसरली. साबण जाळीच्या पिशवीत बांधून तिथेच लटकवायचा. मुलींना हे करायला दिलं तर अर्ध्या तासात करतात, आणि स्वतः केलेलं म्हणून वापरतातही.

नदी दिसते म्हणून उतरायचं नाही

कोलाडजवळ मुक्काम असेल तर मुलींना वाटतं, एवढी नदी आहे, आंघोळीला काय तोटा? कुंडलिकेचं पाणी इथे पावसावर चालत नाही, वीजघरावर चालतं. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून पुढे सोडल्यावर नदी भरते. त्याच पाण्यावर सकाळचं राफ्टिंग चालतं. म्हणजे आत्ता गुडघाभर दिसणारं पात्र थोड्या वेळाने छातीला लागू शकतं, आभाळात ढग नसतानासुद्धा. नदीकाठच्या माणसांना हे माहीत असतं, बाहेरून आलेल्या मुलींना नसतं. नदीत उतरायचं की नाही हे स्थानिक माणसाला विचारून शिबिरप्रमुखांनी ठरवायचं, मुलींनी आपापसात नाही.

ओढ्यातही अंगाला साबण लावून बुचकळ्या मारायच्या नाहीत. खालच्या अंगाला कोणाची तरी गुरं पाणी पितात, कोणी भांडी घासतं. पाणी बादलीने वर आणायचं आणि आंघोळ लांब, मातीत जिरेल अशा जागी करायची.

अर्ध्या बादलीची आंघोळ

उघड्यावर अब्रूने आंघोळ कशी करायची हे आपल्या आज्यांना पाठ होतं. परकर छातीशी बांधायचा, वरून पाणी घ्यायचं, कोरडा परकर वरून घालून ओला खाली सोडायचा. शहरातल्या मुलीला हे जमत नाही, वाडीवरची मुलगी तिला शिकवू शकते. शिबिरात अशी देवाणघेवाण झाली तर उत्तमच. ज्यांना परकर नको त्यांनी ढगळ गाऊन घ्यावा. चार काठ्या आणि बारदान लावून छोटी न्हाणी उभी केली तर प्रश्नच मिटला.

रोज डोक्यावरून आंघोळ व्हायलाच हवी असं काही नाही. पाणी कमी असेल तर एक तांब्या कोमट पाणी आणि एक सुती फडकं पुरतं. क्रम मात्र पाळायचा : आधी तोंड-मान, मग काखा, मग मांड्यांच्या बाजू, शेवटी पाय. खासगी जागा नुसत्या पाण्याने बाहेरून धुवायची, आणि त्यासाठी तोंडाचं फडकं वापरायचं नाही. तिथे साबण, डेटॉल किंवा सुगंधी वॉश घालायची गरज नाही. त्याने उलट आग होते.

आतले कपडे मात्र रोज बदलायचे, सुतीच हवेत आणि पूर्ण वाळलेले. थंडीत दव पडतं, तंबूत वाळत घातलेलं सकाळपर्यंत ओलसरच राहतं. ओली चड्डी घालून दिवसभर चाललं की मांडीत नायटा आलाच म्हणून समजा. जितके दिवस त्याहून दोन जास्त, हा हिशेब ठेवून द्यावेत. आणि नायटा झालाच तर मेडिकलमधून "खाजेचं मलम" म्हणून मिळणारी ट्यूब सरळ लावू नका. त्यांतल्या काहींत स्टिरॉईड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट पसरतो आणि औषधाला दाद देत नाही.

पाळीत शिबिर चुकवायचं का?

नाही. पाळी आजार नाही. घरात "बाजूला बसायची" पद्धत असेल तो घरचा विषय, पण शिबिरात स्वयंपाकाची पाळी आली की त्या मुलीने भाजी चिरायला आरोग्याच्या दृष्टीने काहीही हरकत नाही. हात साबणाने धुतलेले हवेत, आणि ते तर सगळ्यांचेच हवेत.

खरी अडचण तीनच ठिकाणी येते. बदलायचं कुठे, धुवायचं कशाने आणि वापरलेलं टाकायचं कुठे.

पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलावं, रक्त कमी असलं तरी. डोंगरावर चालताना घाम असतो, त्यामुळे जास्त वेळ ठेवलं की कातडी सोलवटते, खाज सुटते. म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकात मुलींना न मागता थांबे मिळायला हवेत. चार तासांची चाल असेल तर मध्ये आडोशाची जागा आधी हेरून ठेवणं हे सोबतच्या मॅडमचं काम आहे. "कोणाला जायचंय का?" असं पन्नास जणांसमोर विचारलं तर एकही हात वर येत नाही. "आता पंधरा मिनिटं विश्रांती, मुली डावीकडे जातील" असं म्हटलं की सगळं सुरळीत होतं.

कपडा वापरणाऱ्या मुलींचंही अडत नाही. कपडा आधी थंड पाण्यात धुवायचा, मग साबणाने, आणि थेट उन्हात वाळवायचा. दुसऱ्या कपड्याखाली लपवून, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातला तर ओल राहते आणि जंतू वाढतात. इथे न्हाणी उपयोगी पडते. तिला छप्पर नसतं, त्यामुळे ऊन आत येतं पण बाहेरून दिसत नाही. आतच एक दोरी बांधली की काम झालं. मात्र दोनच दिवसांचा मुक्काम असेल आणि धुण्याची सोय नसेल तर तेवढ्यापुरते पॅड बरे. राज्य सरकारने २०१८ मध्ये अस्मिता योजना आणली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना ठेवलं होतं. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एका पॅडची किंमत एक रुपया ठरली. आपल्या भागात काय मिळतं हे आशाताईंना विचारावं. मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर रानात तो फार सोयीचा, पण पहिला प्रयोग तंबूत करू नये.

वापरलेलं पॅड शेकोटीत टाकायचं नाही. त्यात प्लास्टिक असतं, शेकोटीच्या आगीत ते पूर्ण जळत नाही, नुसता विषारी धूर होतो. पुरलं तर कुत्री उकरतात, संडासाच्या खड्ड्यात टाकलं तर ते कुजत नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं, पिशवीत घालायचं, ती पिशवी झाकणाच्या डब्यात. डब्यात कोरडी केलेली चहापूड टाकली तर वास दबतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही पॅड गुंडाळून वेगळं द्यायला सांगितलं होतं. डबा शिबिर संपल्यावर आयोजकांनी गोळा करून जिथे कचरागाडी येते तिथे द्यायचा. शेतकऱ्याच्या बांधाखाली ढकलून जायचं नाही.

जुन्या साडीची एक छोटी थैली शिवून द्या : सहा-आठ पॅड, दोन चड्ड्या, वर्तमानपत्राचे तुकडे, साबणाची वडी, दोन पिशव्या. ही थैली सगळ्याच मुलींकडे असावी, तारीख असो वा नसो. म्हणजे थैली घेऊन जाणारी एकटी उठून दिसत नाही. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलीला पहिली पाळी शिबिरातच येऊ शकते. तिला आधीच काही सांगितलेलं नसेल तर ती घाबरून रात्रभर रडत बसेल.

तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या गावात सर्रास घेतल्या जातात, लग्नाला, पूजेला, आता सहलीलाही. शाळकरी मुलीला त्या डॉक्टरला न विचारता देऊ नयेत. नदीत उतरायचं नसेल तर "आज मी काठावर बसते" एवढं म्हणणं पुरे असावं. कारण विचारायचं नाही.

आपल्या देशात मुलींचं गाईडिंग १९११ मध्ये जबलपूरला सुरू झालं. पुण्यातलं संगम हे गाईड मुलींचं जागतिक केंद्र १९६६ पासून चालू आहे. शंभरहून अधिक वर्षं मुली तंबूत राहतायत, आणि गाईडच्या शिबिरात संडास-न्हाणी साफ ठेवायचं काम सहा-आठ मुलींच्या टोळ्यांकडे आळीपाळीने असतं. ज्या शिबिरात हे काम एकाच वाडीच्या मुलींच्या माथी मारलं जातं, तिथल्या बाईंना पालकांनी जाब विचारावा.

घरी आल्यावर

बॅग घराबाहेरच उघडा. कपडे गरम पाण्यात टाका, अंथरूण दोन दिवस कडक उन्हात घाला. तंबूत डोक्याला डोकं लावून झोपल्याने उवा येतात, कंगवा-रुमाल वाटून घेतल्यानेही येतात. म्हणून जाताना दोन घट्ट वेण्या आणि आल्यावर बारीक दाताच्या फणीने तपासणी. औषध लावलंच तर आठवड्याने परत लावावं लागतं, कारण लिखांतून नव्या निघतात. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तर खरूज असू शकते. तेव्हा औषध एकट्या मुलीला नाही, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायचं असतं.

काखा, कंबर, कानामागे गोचीड चिकटलंय का पाहा. गवतात बसल्यावर काही दिवसांनी ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, किंवा पावसाळ्यात चिखल-पाण्यातून हिंडून आल्यावर महिनाभरात ताप आणि पिंढऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : मुलगी शिबिराला गेली होती, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी.